रंग तपासायचं घरगुती किट: सामान ठीक, माहितीपत्रक मात्र गंडलेलं

खाण्याच्या मालाला वरून कृत्रिम रंग लावलाय का ते घरच्या घरी तपासायचं हे किट. आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार कापलाय तो सामानामुळे थोडा आणि सोबत आलेल्या माहितीपत्रकामुळे जास्त, कारण त्या पत्रकाच्या भरवशावर कोणी तपासणी केली तर घरातला सगळा चांगला माल कचऱ्यात जाईल आणि खरंच रंगवलेला माल मात्र डब्यात भरला जाईल. मी हे धान्य आणि ड्रायफ्रूटसाठी घेतलं, म्हणजे काळा तांदूळ, काळे तीळ, लाल सालीचे शेंगदाणे, पिस्ते, राजमा, मका वगैरे, मिठाई आणि सरबतांसाठी नाही, त्यामुळे रिव्ह्यू तेवढ्यापुरताच समजा.

बॉक्समध्ये काय येतं तर दोन ड्रॉपरच्या बाटल्या, एकीत सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी आणि दुसरीत धुण्याच्या सोड्याचं, काचेच्या चार-पाच छोट्या नळ्या, गाळणकागदाच्या पट्ट्या, पांढऱ्या लोकरीचा एक छोटा गुंडा, नखाएवढी यूव्ही टॉर्च, आणि रंगांचे चौकोन छापलेलं एक गुळगुळीत कार्ड. नळ्या चांगल्या जाड आहेत, ड्रॉपर गळत नाहीत. यातलं निम्मं स्वयंपाकघरात असतंच हे खरं, लिंबू आणि सोडा कोणाकडे नसतो, पण एकत्र हाताशी असलं की माणूस खरंच करून बघतो, नाहीतर नुसतं 'बघू कधीतरी' होतं.

आता पत्रक. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलंय की दाणे पाण्यात भिजवा, पाणी रंगीत झालं तर कृत्रिम रंग आहे. हे साफ चूक आहे, आणि या एका वाक्यामुळे माझं डोकं फिरलं. काळा तांदूळ घ्या. त्याचा काळेपणा म्हणजे बाहेरच्या कोंड्याच्या थरात असलेली अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं, मुख्यतः सायनिडिन-३-ग्लुकोसाइड आणि थोडं पिओनिडिन-३-ग्लुकोसाइड. याच कुळातली मंडळी लाल कोबीत, जांभळात, काळ्या द्राक्षात असतात, आणि ती पाण्यात विरघळतात, विरघळणारच. त्यामुळे अस्सल काळा तांदूळ धुतला की पाणी जांभळं होतं आणि शिजवला की अख्खं पातेलं जांभळं होतं. काळ्या राजम्याचंही तेच. पाणी रंगलं म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग आहे, एवढंच कळलं, तो कोणी दिलाय हे कुठे कळलं?

खरी मजा बाटल्यांमध्ये आहे आणि इथे किट आपले पैसे वसूल करून देतं. अँथोसायनिन हा शाळेतल्या लिटमससारखा दर्शक आहे, आम्लात लाल, साधारण न्यूट्रल पाण्यात जांभळा, आम्लारीत निळा, आणि आम्लारी अजून तीव्र झाली की हिरवट आणि मग पिवळट. तर भिजवलेल्या काळ्या तांदळाचं जांभळं पाणी तीन नळ्यांत ओतायचं, एक तशीच ठेवायची, एकीत सायट्रिकचे थेंब, एकीत सोड्याचे. पहिल्या थेंबाला काही होत नाही, मग अचानक एक नळी गुलाबी-लाल आणि दुसरी निळी-हिरवी होते आणि मधली आपली जांभळीच, तिन्ही शेजारी धरल्या की शंकाच राहत नाही. सायट्रिक घालताना कंजूषी करू नका बरं का, कारण पीएच (आम्ल-आम्लारीचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) चार-पाचच्या आसपास हा रंग लाल न होता चक्क फिका पडतो आणि आपल्याला वाटतं टेस्ट फसली, अजून चार थेंब घाला, खाली तीनच्या आत गेला की लाल येतो. घरचा खायचा सोडा वापरला तर पीएच ८.३ च्या जवळपासच अडकतो, म्हणून निळ्यापर्यंतच जातो, हिरव्यासाठी किटमधला धुण्याचा सोडाच लागतो.

खाण्याच्या सिंथेटिक रंगांचं असं नाचणं होत नाही. टार्ट्राझिन, सनसेट यलो, अल्युरा रेड, ब्रिलियंट ब्लू, हे सगळे मुद्दाम स्थिर राहावेत म्हणूनच बनवलेले, लिंबात घाला नाहीतर सोड्यात, फार तर छटा किंचित हलते. जांभळ्या पाण्यात लिंबू पिळलं आणि ते ढिम्म जांभळंच राहिलं, सोड्यातही जांभळंच, तर मात्र भुवया उंचवायला जागा आहे. मी तुलनेसाठी बाजारच्या खायच्या रंगाचं पाणी आणि लाल कोबी उकळलेलं पाणी अशा दोन नळ्या बाजूला ठेवल्या होत्या, आणि हे किटवाल्यांनी स्वतः सुचवायला हवं होतं, कारण माहीत असलेला नमुना शेजारी असल्याशिवाय डोळ्यांवर विश्वास ठेवून काय उपयोग. पत्रकात याचं नावही नाही.

अजून एक गोष्ट पत्रकात नाहीये ती म्हणजे पाण्याची. नळाचं पाणी बऱ्याच ठिकाणी किंचित आम्लारीकडे झुकलेलं असतं, त्यात काळा तांदूळ धुतला की पाणी जांभळ्याऐवजी शाईसारखं निळं दिसतं, आणि लोक तेवढ्यावर घाबरून 'तांदळाला शाई लावलीय' म्हणून व्हिडिओ टाकतात. डिस्टिल्ड पाणी घ्या, नसेल तर त्याच निळ्या पाण्यात लिंबू पिळून बघा, लाल झालं की शाई नव्हती ती.

आता कार्ड. कार्डावर फक्त अँथोसायनिनचेच चौकोन आहेत, जणू निसर्गात दुसरा रंगच नाही. लाल क्विनोआचा रंग बीटलेन जातीचा असतो, म्हणजे बीटमध्ये असतो तो, आणि एकाच झाडात बीटलेन आणि अँथोसायनिन दोन्ही कधी सापडत नाहीत. बीटलेन लिंबात लालच राहतं, तीव्र सोड्यात पिवळं पडतं. म्हणजे कार्डाप्रमाणे चाललात तर लिंबाच्या नळीत 'बदल नाही' दिसेल आणि बिचारा अस्सल क्विनोआ नापास. हे मी करून बघितलं, सोड्याच्या नळीत पिवळा आला तेव्हा खात्री पटली. मक्याचा पिवळा रंग ल्युटिन आणि झिअ‍ॅझँथिनचा, हे कॅरोटिनॉइड, तेलात विरघळतात पण पाण्यात नाही, म्हणून अस्सल पिवळा मका पाण्यात घालून पाणी पिवळंजर्द होत असेल तर ती गोष्ट शंकेची, इथे पत्रकाचं पहिलं वाक्य चुकून बरोबर ठरतं. लाल तांदळाचा रंग प्रोअँथोसायनिडिन जातीचा, तो काळ्यासारखा भसाभस सुटत नाही आणि लिंबाने फारसा उजळतही नाही. ज्वारीतले रंग अँथोसायनिनचेच चुलत, पण जास्त टिकाऊ. शेंगदाण्याच्या आणि बदामाच्या सालीत टॅनिन जातीची द्रव्यं, पाणी लालसर तपकिरी होतं, सोड्यात अजून गडद तपकिरी, यात घाबरण्यासारखं काही नाही. पण शेंगदाण्याला ओला कापूस लावल्या लावल्या भडक गुलाबी डाग आला आणि तो यूव्ही टॉर्चखाली नारिंगी चमकला तर रोडामाइन बी असल्याची दाट शंका घ्यायची, तो कापड-कागदाचा रंग आहे, खाण्यात चालतच नाही.

काळ्या तिळाने मात्र वेळ घेतला. त्याचा काळेपणा बराचसा मेलॅनिनसारख्या द्रव्याचा आणि तो फक्त टरफलात, आतला दाणा पांढरट. गार पाण्यात तो हळूहळू फिका तपकिरी उतरतो, टाकताक्षणी काळं पाणी होत नाही. सोड्यात गडद तपकिरी होतो कारण मेलॅनिन आम्लारीत विरघळतं. लिंबात लाल होईल म्हणून वाट बघत बसू नका. तिळासाठी माझ्या मते सगळ्यात भरवशाची टेस्ट किटमध्ये नाहीच, भिंग आणि ब्लेड. थोडे दाणे आडवे कापा, आणि टोकाला जिथे दाणा देठाला चिकटलेला असतो ती जागा बघा, अस्सल दाण्यात ती फिकी असते, रंगवलेल्यात तीही काळी झालेली असते आणि टरफलाच्या आतपर्यंत रंग झिरपलेला दिसतो. पाण्यात टाकताक्षणी शाई सुटली आणि धुऊन दाणे पांढरट-तपकिरी निघाले तर प्रश्नच मिटला.

पिस्त्यासाठी यूव्ही टॉर्च आणि हा भाग मला सगळ्यात आवडला. पिस्त्याचा हिरवा म्हणजे क्लोरोफिल आणि सोबत थोडं पिवळं ल्युटिन, दोन्ही पाण्यात उतरत नाहीत, तेलात आणि स्पिरिटमध्ये उतरतात. वरची जांभळट साल मात्र अँथोसायनिनची, तिचा रंग पाण्यात येतो आणि लिंबा-सोड्याला उत्तरही देतो, त्यामुळे आधी साल काढून टाका नाहीतर गोंधळ होतो. सोललेला पिस्ता कुटून पाण्यात घातला आणि पाणी पोपटी झालं तर शंका घ्या. मग दुसरा कूट स्पिरिटमध्ये घाला, जरा वेळ ठेवा, गाळा, आणि पूर्ण अंधारात टॉर्च मारा. क्लोरोफिल असेल तर हिरवट द्रव चक्क लाल चमकतो. ज्याने कधी बघितलं नाही त्याने फक्त यासाठी तरी करावं! आणि याचा एक छुपा फायदा पण आहे, ई१४१ म्हणून (हे ई-आकडे म्हणजे लेबलावरचे खाद्यरंगांचे कोड) जे कॉपरवालं क्लोरोफिल रंग म्हणून वापरतात ते तांब्यामुळे असं चमकत नाही, म्हणजे 'हिरवा आहे पण चमकत नाही' हे उत्तरही कामाचं. टॉर्च मात्र किरकोळ आहे, तिचाच जांभळा उजेड इतका पसरतो की लाल चमक त्यात बुडते, बाथरूमचा दिवा घालवून दार लावून बघावं लागलं.

भाजलेल्या पिस्त्याबद्दल एक गोष्ट डोक्यात ठेवा, उष्णतेने क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग ऑलिव्हसारखा मळकट होतो. खरपूस भाजलेला आणि तरी पोपटासारखा हिरवागार काप असेल तर तो निसर्गाने दिलेला नाही. कापांमध्ये तर शेंगदाणाच हिरवा रंगवून घालतात, चव घेतली की लगेच कळतं, किट कशाला पाहिजे. आणि पिस्ता रंगवणं ही काही आजची गोष्ट नाही, एकेकाळी इराणहून अमेरिकेत जाणारे पिस्ते कवचासकट लाल रंगवून विकायचे, कवचाबाहेरचं ओलं आवरण काढायला उशीर झाला की कवचावर डाग पडायचे ते झाकायला. तिथे लोकांना लाल पिस्ताच खरा वाटायला लागला होता म्हणे.

गाळणकागदाची पट्टी हे किटमधलं सगळ्यात गुणी सामान. पाणी आटवून घट्ट करायचं, पट्टीच्या खालच्या टोकापासून बोटभर वर त्याचा ठिपका द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा त्याच जागी द्यायचा, आणि पट्टीचं टोक चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात टेकवून उभी करायची, ठिपका बुडता कामा नये. पाणी कागदातून वर चढतं आणि रंगांना ओढत नेतं. सिंथेटिक हिरवा बहुतेक वेळा टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लूचं मिश्रण असतो, तो डोळ्यांदेखत फुटतो, निळा पुढे पळतो आणि पिवळा मागे राहतो, दोन स्वच्छ कडांचे पट्टे. नैसर्गिक रंग बहुतेक वेळा असे शिस्तीत धावत नाहीत, खालपासून वरपर्यंत फरपटलेला डाग देतात. हिरव्यात पिवळा आणि निळा असे दोन वेगळे पट्टे सुटले की वाद घालायला काही उरत नाही, म्हणून मला ही टेस्ट लिंबा-सोड्याहून जास्त पटते, फक्त धीर पाहिजे, आणि ज्यात एकच सिंथेटिक रंग आहे तिथे नीटनेटका एकच पट्टा येतो त्यावरून अंदाज बांधायचा.

आता लोकर, आणि इथे मी खरंच चिडले. लोकरीची टेस्ट जुनी आणि चांगली आहे. आम्ल घातलेल्या रंगीत पाण्यात पांढरी लोकर उकळायची, सिंथेटिक आम्लरंग लोकरीच्या प्रथिनाला घट्ट धरतात आणि धुतल्यावर जात नाहीत, नैसर्गिक रंग बहुतेक फिकट बसतात किंवा धुऊन जातात, अँथोसायनिन बसलाच तर सोड्याचा थेंब पडला की हिरवट होतो. खात्रीसाठी तो बसलेला रंग आम्लारीत उतरवून पुन्हा आम्लात नव्या लोकरीवर चढवतात. पण किटमधल्या लोकरीवर खायचा लाल रंगसुद्धा धड चढेना, जो चढायलाच हवा होता. मग एक धागा चिमट्यात धरून जाळून बघितला. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे चुरा होणारी राख राहते, हा धागा वितळला आणि टोकाला कडक काळी गोळी झाली. म्हणजे अ‍ॅक्रिलिक! अ‍ॅक्रिलिकवर हे रंग बसतच नाहीत, म्हणजे या धाग्याने केलेली प्रत्येक टेस्ट 'रंग नाही, माल शुद्ध' असंच सांगणार. भेसळ पकडायच्या किटमध्येच भेसळ, यावर काय बोलायचं. जुन्या खऱ्या लोकरीच्या स्वेटरचा धागा काढून घ्या आणि किटमधला गुंडा मांजराला द्या.

पत्रकात शेवटी एक उन्हाची टेस्ट दिलीय, पाणी खिडकीत ठेवा, उडालं तर नैसर्गिक, टिकलं तर कृत्रिम. अर्धवट आहे. अँथोसायनिन काही दिवसांत तपकिरी पडतं हे बरोबर, पण एरिथ्रोसिन हा सिंथेटिक गुलाबी रंगही उजेडात पटकन उडतो, आणि हळदीतलं कर्क्युमिनसुद्धा. याच्यावर एकट्यावर निकाल देऊ नका.

आणि आता किट काय सांगू शकत नाही ते, जे बॉक्सवर कुठेही लिहिलेलं नाही. समजा साध्या पांढऱ्या तांदळाला काळ्या गाजराचा किंवा द्राक्षसालीचा अर्क लावला, जो ई१६३ म्हणून कायदेशीर खाद्यरंग आहे, तर लिंबा-सोड्याच्या नळ्या सुंदर लाल-निळ्या होतील आणि किट म्हणेल नैसर्गिक. रंग नैसर्गिकच आहे हो, पण त्या दाण्याचा नाही! म्हणजे प्रश्न दोन आहेत, रंग कारखान्यातला की झाडाचा, आणि झाडाचा असेल तर याच झाडाचा का. दुसऱ्याचं उत्तर फक्त दाणा कापून मिळतं. अस्सल काळ्या तांदळात कोंड्याचा गडद थर आणि आतला पांढरा भाग यांच्यामध्ये स्पष्ट रेघ असते, कोंडा खरवडला की तो पापुद्र्यासारखा निघतो. रंग चढवलेल्या पॉलिश तांदळाला कोंडाच नसतो, रंग भेगांमधून आत डाग-डाग शिरलेला असतो आणि चोळून धुतला की खाली गुळगुळीत पांढरा दाणा निघतो. ही टेस्ट फुकट आहे आणि मी आता तीच सगळ्यात आधी करते, पण भिजवण्याच्या आधी, कारण खूप वेळ भिजला की खऱ्या दाण्यातही रंग आत झिरपतो.

तसंच बीटा-कॅरोटिन. ते गाजरातून काढलेलं असो की कारखान्यात बनवलेलं, रेणू तोच, घरात फरक कळणार नाही. मालात रंग किती आहे, मर्यादेत आहे का, हेही या किटला सांगता येत नाही, त्याला लॅबमध्ये एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र, लागतं. आणि 'नैसर्गिक' म्हटलं की लगेच निश्चिंत होणाऱ्यांसाठी, ई१२० कार्माइन हा पूर्ण नैसर्गिक आणि चांगला टिकाऊ लाल रंग किड्यांपासून काढतात, शाकाहारी असाल तर लेबल वाचा. फ्लेवर लावलेल्या पाकीटबंद नट्सना तर किटची गरजच नाही, मागे लिहिलेलं असतं, ई१०२ टार्ट्राझिन, ई११० सनसेट यलो, ई१२९ अल्युरा रेड, ई१३३ ब्रिलियंट ब्लू. यातल्या पहिल्या तिघांसकट एकूण सहा रंगांवर युरोपात जुलै २०१० पासून मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना छापावी लागते. सुट्ट्या मालाला लेबल नसतं, तिथे हे किट कामाला येतं.

तर घ्यावं का? घरात आठवी-नववीतलं पोरगं असेल तर जरूर घ्या, विज्ञानाच्या तासापेक्षा मजा येते, फक्त सोड्याची बाटली डोळ्यांपासून लांब ठेवायची आणि तपासलेले दाणे खायचे नाहीत, स्पिरिटवाले तर अजिबात नाहीत. आणि स्पिरिट गॅसजवळ नको. सुटं धान्य आणि ड्रायफ्रूट नेहमी घेणाऱ्यांनाही उपयोगी आहे. नुसतं एकदा काळा तांदूळ बघायचाय तर लिंबू, सोडा आणि ब्लेड पुरे, पैसे घालवू नका. पत्रक मात्र कोणीही घेतलं तरी बाजूला ठेवा.

अ‍ॅक्रिलिकच्या धाग्याबद्दल विक्रेत्याला फोटोसकट लिहिलंय, अजून उत्तर आलेलं नाही. खरी लोकर पाठवली तर अर्धा स्टार वाढवीन, पत्रकातलं पहिलं वाक्य बदललं तर अजून अर्धा.